उरलेले छत्तीस सामने

मागच्या अंकात फुटबॉलचा गुणतक्ता कसा वाचावा यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय: आमचा संघ आणि त्यांचा संघ, हंगाम संपेल तेव्हा वर कोण? माझं आयुष्य बँकेत लेजर लिहिण्यात गेलं आणि निवृत्तीनंतरही वही सुटलेली नाही. फरक इतकाच की आता खातेदारांच्या जागी इंग्लंडचे वीस संघ आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा.

अंक छपाईला जाऊन तुमच्या हाती पडेपर्यंत तीन-चार फेऱ्या उरकलेल्या असतात. म्हणून चालू हंगामाचं भाकीत इथे करत नाही. खालची उदाहरणं पूर्ण झालेल्या हंगामांची आहेत, २०२४-२५पर्यंतची.

मी आर्सेनलचा, रूममेट टॉटनहॅमचा. दर ऑगस्टमध्ये आमचा वाद होतो. माझं म्हणणं, आपसातल्या दोन सामन्यांत जो भारी पडतो तोच शेवटी वर राहतो. तो म्हणतो, त्याचा आणि क्रमांकाचा फारसा संबंध नाही. कोणाचं बरोबर?
— पुण्यात इंजिनीअरिंग शिकणारा, मूळचा साताऱ्याचा वाचक

रूममेटचं. मी स्वतः पक्की आर्सेनलची आहे, टॉटनहॅमवाल्याच्या बाजूने कौल द्यायचं माझ्या जिवावर येतं, पण हिशेब हिशेबाच्या जागी.

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळीत, प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. जिंकला की ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ११४. त्यातले कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे सामने दोन आणि गुण सहा. एकोणिसावा हिस्सा. वर्षभर आपण बोलतो त्या दोन सामन्यांबद्दल, रात्री जागतो त्या दोन सामन्यांसाठी, आणि क्रमांक ठरतो तो उरलेल्या छत्तीसांत, ज्यातले निम्मे आपण धड पाहिलेलेही नसतात.

२०१५-१६चा हंगाम घ्या. लेस्टर सिटी त्या वर्षी फक्त तीन सामने हरली. त्यांतले दोन आर्सेनलकडून: सप्टेंबरमध्ये लेस्टरच्याच मैदानावर ५-२, आणि फेब्रुवारीत लंडनमध्ये २-१, तेही अगदी शेवटच्या क्षणी डॅनी वेलबेकच्या हेडरवर. सहाच्या सहा गुण आर्सेनलने नेले. तरी हंगामाअखेर लेस्टर ८१ गुणांनी विजेते आणि आर्सेनल ७१वर दुसरे. गुण गेले कुठे? पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर वेस्ट हॅमकडून ०-२. नाताळच्या दुसऱ्या दिवशी साउदॅम्प्टनला ०-४. मार्चमध्ये स्वान्सीकडून पुन्हा घरीच १-२. लेस्टरशी दोन हात करून मिळवलेलं सगळं असं सुट्या पैशांत खर्च झालं.

त्याच हंगामात तुमच्या दोघांचा निकाल काय लागला, तेही बघा. आर्सेनल-टॉटनहॅम दोन्ही सामने बरोबरीत सुटले, १-१ आणि २-२. म्हणजे आपसात पारडं सरळ. शेवटच्या दिवशी, १५ मे २०१६ला, टॉटनहॅम दोन गुणांनी पुढे होतं आणि गोलफरकही (केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा) त्यांचाच सरस. न्यूकॅसलशी नुसती बरोबरी केली असती तरी दुसरा क्रमांक त्यांचा होता. न्यूकॅसल आधीच खालच्या विभागात घसरलेलं, त्यात त्यांचा मित्रोविच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्या दहा जणांच्या न्यूकॅसलने टॉटनहॅमला ५-१ हरवलं. तिकडे आर्सेनलने अ‍ॅस्टन व्हिलाला ४-० मारलं आणि एका गुणाने वर जाऊन बसलं. १९९५-९६पासून सलग एकविसाव्या हंगामात आर्सेनल टॉटनहॅमच्या वर. आम्हा लोकांचा आनंद गगनात मावत नव्हता.

आता माझ्या वहीतला त्याच हंगामाचा दुसरा रकाना सांगते. गोलफरक: आर्सेनल अधिक २९, लेस्टर अधिक ३२, टॉटनहॅम अधिक ३४. वीस संघांत सगळ्यात चांगला टॉटनहॅमचा. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेला संघ गोलांच्या हिशेबात पहिला होता. पुढच्या वर्षी काय झालं ते तुमच्या रूममेटला तोंडपाठ असेल. २०१६-१७मध्ये टॉटनहॅम ८६ गुणांनी दुसरं, आर्सेनल ७५वर पाचवं. एकवीस वर्षांची परंपरा तिथे तुटली. ज्यांनी फक्त क्रमांक पाहिले होते त्यांना तो धक्का होता. गोलफरकाचा रकाना पाहणाऱ्याला खूण वर्षभर आधी दिसत होती.

म्हणून दोन प्रतिस्पर्ध्यांचा अंदाज बांधताना दोघांना समोरासमोर उभं करू नका. दोघांची खाती वेगळी काढा. माझी रीत अशी: वीस संघ, ३८० सामने. निकाली सामन्यात ३ गुण वाटले जातात, बरोबरीत २. साधारण चौथा हिस्सा सामने बरोबरीत सुटतात असं धरलं, तर संघामागे सरासरी ५२ गुण पडतात. आता मागच्या हंगामाचा गोलफरक घ्या, त्याचे दोन-तृतीयांश करा आणि ५२मध्ये मिळवा. आर्सेनलचे २९ गोल म्हणजे १९ गुण, बेरीज ७१. त्या हंगामात प्रत्यक्षात तेवढेच होते. लेस्टरची बेरीज येते ७३, मिळाले ८१. टॉटनहॅमची ७५, मिळाले ७०. ज्याचे प्रत्यक्ष गुण या बेरजेपेक्षा बरेच जास्त, त्याच्या पदरात एका गोलाने जिंकलेले सामने जास्त पडलेले असतात, आणि ते दरवर्षी पडत नाहीत. लेस्टर पुढच्या वर्षी ४४ गुणांवर, बाराव्या क्रमांकावर आली.

याहून लख्ख जोडी हवी असेल तर २००४-०५चे एव्हर्टन आणि लिव्हरपूल. एकाच शहरातले, मधे फक्त एक बाग. त्या वर्षी एव्हर्टन ६१ गुणांनी चौथं आणि लिव्हरपूल ५८वर पाचवं. एव्हर्टनच्या निळ्या बाजूला दिवाळी. पण एव्हर्टनने केले ४५ गोल आणि खाल्ले ४६. चौथा क्रमांक आणि गोलफरक उणे एक! लिव्हरपूलचा अधिक ११. माझ्या रीतीने एव्हर्टनचे ५१ होतात, लिव्हरपूलचे ५९. पुढच्या हंगामात एव्हर्टनला मिळाले ५०, लिव्हरपूलला ८२. लिव्हरपूलची एवढी उडी कुठलाही रकाना सांगणार नाही, पण दोघांत वर कोण जाणार याचा कल दिसत होता.

शेवटी जो आकडा येईल त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा गुणांची जागा ठेवा. दोघांच्या बेरजांत त्याहून कमी अंतर असेल तर छातीठोकपणे कोणाचंच नाव घेऊ नका. आणि गेल्या वर्षीचं यश-अपयश जसंच्या तसं पुढे ओढू नका. २०१४-१५चे विजेते चेल्सी ८७ गुणांवरून पुढच्या वर्षी ५०वर, दहाव्या क्रमांकावर आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ९३ गुणांनी पुन्हा विजेते झाले.

तुम्ही म्हणता दोन सामन्यांनी काही ठरत नाही. मग मुंबई सिटी आणि मोहन बागानचं काय? तिथे तर दोनदा सगळं आपसातल्या सामन्यावरच ठरलं.
— अंधेरीहून एक वाचक

ठरलं, अगदी खरं आहे. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२०-२१ला दोघांचे ४० गुण झाले. २८ फेब्रुवारी २०२१ला साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईने २-० असं हरवून अव्वल स्थान आणि त्यासाठीची लीग शील्ड दोन्ही मिळवलं. जानेवारीतला सामनाही मुंबईनेच १-० जिंकला होता. मग १५ एप्रिल २०२४: मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५, मुंबईला बरोबरी पुरेशी, सामना कोलकात्यात. बागान २-१ जिंकलं आणि ४८-४७ असं वर गेलं. त्यातला पहिला गोल गोव्याच्या लिस्टन कुलासोचा. तीन आठवड्यांत त्याच मैदानावर साखळीनंतरच्या बाद फेरीच्या अंतिम सामन्यात मुंबईने बागानला ३-१ हरवून करंडक नेला, ही गोष्ट वेगळी.

पण गणित पाहा. २०२३-२४ला आयएसएलमध्ये प्रत्येक संघाचे साखळी सामने होते २२, म्हणजे ६६ गुण. त्यात आपसातले सहा. इंग्लंडमध्ये जो एकोणिसावा हिस्सा होता तो इथे अकरावा झाला. हंगाम जितका छोटा तितकं आपसातल्या सामन्याचं वजन जास्त. शिवाय नियम आधी वाचून ठेवा. गुण समान झाले की आयएसएलमध्ये आधी आपसातले सामने पाहिले जायचे, स्पेनमध्येही तसंच. इंग्लंडमध्ये आधी गोलफरक. एकाच गुणसंख्येवर एका देशात तुमचा संघ वर आणि दुसऱ्या देशात खाली असू शकतो.

इंग्लंडमध्येही डर्बीने, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांच्या सामन्याने, ठरल्यासारखा दिसणारा हंगाम आहेच, २०११-१२चा. मँचेस्टर सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ गुण, सिटीने आपसातले दोन्ही सामने जिंकलेले, त्यातला एक ६-१ युनायटेडच्याच घरी. सगळे तो ६-१ आठवतात. मला आठवतो एप्रिल. सहा सामने उरलेले आणि युनायटेड आठ गुणांनी पुढे. मग विगनला ०-१ हरले. मग एव्हर्टनविरुद्ध घरी ४-२ पुढे असताना शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन ४-४. त्या दोन सामन्यांत पाच गुण सांडले. विजेतेपद शेवटी आठ गोलांच्या फरकाने गेलं, अधिक ६४ विरुद्ध अधिक ५६. सिटीचे हे जास्तीचे गोल दुसऱ्या कोणत्या संघाविरुद्ध पडले असते तरी चाललं असतं. गोलफरकाला प्रतिस्पर्धी कोण हे कळत नाही.

मोठा भाऊ असे अंदाज बांधून मोबाइलवर पैसे लावतो. तुमची रीत त्याला दाखवू का?
— सांगलीहून एक वाचक

नका दाखवू, दादा. आठ-दहा गुण इकडेतिकडे होणाऱ्या अंदाजावर घरातला रुपया लावायचा नसतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला आहे, तेही भावाला सांगा. भाऊ पैसे लपवत असेल, उसने घेत असेल तर फुटबॉलबद्दल बोलणं सोडा आणि घरातल्या ज्या मोठ्या माणसाचं तो ऐकतो त्यांच्या कानावर घाला. आजच.

हंगाम सुरू झाल्यावर एखादा मोठा खेळाडू जखमी झाला तर अंदाज बदलायचा का? माझे मित्र प्रत्येक दुखापतीनंतर यादी बदलतात.
— मडगावहून एक वाचक

प्रत्येक दुखापतीनंतर नाही. गोल करणारा गेला की हळहळ जास्त होते, पण संघाचा कणा कोण आहे हे वेगळं पाहावं लागतं. दोन दुखापती मी वहीत लाल शाईने लिहिल्या आहेत, आणि दोन्ही प्रतिस्पर्ध्याशी खेळतानाच झालेल्या.

पहिली १७ ऑक्टोबर २०२०ची. लिव्हरपूल एव्हर्टनच्या मैदानावर, आणि सुरुवातीलाच गोलरक्षक पिकफर्डच्या धडकेत व्हर्जिल व्हॅन डाइकचा गुडघा गेला. सामना २-२ सुटला. तक्त्यात दोघांना एकेक गुण, बस. पण त्या दुपारी लिव्हरपूलने जे गमावलं ते पुढचे सात महिने दिसत राहिलं. पाठोपाठ गोमेझ जखमी, मग मातिप. बचावाच्या मधोमध फाबिन्यो आणि हेंडरसन या मिडफिल्डरना उभं करायची वेळ आली. ते मागे गेले म्हणजे मधली फळीही भुसभुशीत झाली. चेंडू पुढे पोचेना. अ‍ॅनफिल्डवर म्हणजे घरच्या मैदानावर लीगमध्ये ६८ सामने न हरलेला संघ तिथेच ओळीने सहा सामने हरला, त्यातला एक एव्हर्टनकडून. आदल्या वर्षी ९९ गुण, या वर्षी ६९. तरी ते तिसरे आले, कारण शेवटच्या दहांतले आठ जिंकले. ब्राझीलचा गोलरक्षक अलिसन वेस्ट ब्रॉमविरुद्ध भरपाईच्या वेळेत पुढे धावत गेला आणि त्याने हेडरने विजयी गोल केला, तो याच धडपडीतला. तो गोल मी आजही शोधून शोधून पाहते.

दुसरी २२ सप्टेंबर २०२४ची. सिटी विरुद्ध आर्सेनल, रॉड्रीचा गुडघा. त्याच वर्षी त्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर मिळाला, यावरून माणूस काय तोलामोलाचा ते कळेल. सिटी ९१ गुणांवरून ७१वर आली.

दोघंही गोल करणारे नव्हते. एक बचावाचा मधला खांब, दुसरा बचावापुढचा. तेव्हा मी विचारते ते इतकंच: या माणसाच्या जागी खेळायला दुसरा आहे का, की त्याची जागा भरायला आणखी कोणाला स्वतःची जागा सोडावी लागेल? दुसरं उत्तर आलं तर दहा गुण कमी करा. नाहीतर यादीला हात लावू नका.

दुखापतीइतकीच महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे आठवड्याच्या मधले सामने. ज्या वर्षी संघ युरोपच्या स्पर्धांत नसतो त्या वर्षी त्याला सरावाला आणि विश्रांतीला पूर्ण आठवडा मिळतो. लेस्टरला २०१५-१६मध्ये तो मिळाला. चेल्सी ९३ गुणांनी जिंकली ते वर्षही तसलंच. दोन प्रतिस्पर्ध्यांतला एक मंगळवारी-बुधवारी परदेशात खेळत असेल आणि दुसरा घरी असेल, तर घरी असणाऱ्याला तीन-चार गुण जास्तीचे द्या.

मी उत्तर लंडनमध्ये राहते. २०२४-२५ला टॉटनहॅम सहावं येईल असं ऑफिसमध्ये सांगितलं होतं. ते आलं सतरावं, पण युरोपा लीग जिंकलं, आणि ऑफिसमधले टॉटनहॅमवाले मलाच हसतात. माझं चुकलं कुठे?
— लंडनहून एक मराठी वाचक

ताई, बाद पद्धतीचा करंडक आणि साखळी यांची सांगड घालूच नका. टॉटनहॅमने २१ मे २०२५ला बिल्बाओत ब्रेनन जॉन्सनच्या गोलावर अंतिम सामना १-० जिंकला, आणि हरवलं कोणाला? प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या आलेल्या मँचेस्टर युनायटेडला. पंधरावे आणि सतरावे युरोपच्या अंतिम सामन्यात! वर सांगितलेलं २००४-०५चं लिव्हरपूलही एव्हर्टनच्या खाली पाचवं आलं आणि त्याच मे महिन्यात इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकलं. तुमच्या सहकाऱ्यांचा आनंद खराच आहे. १७ वर्षांनी करंडक घरी आला होता, त्यांना मनापासून शुभेच्छा द्या.

साखळीबद्दल मात्र बघण्यासारखं आहे. टॉटनहॅमने त्या हंगामात ६४ गोल केले, ६५ खाल्ले. गोलफरक उणे एक. २००४-०५च्या एव्हर्टनचाही उणे एकच होता! तोच गोलफरक, एकाला ६१ गुण आणि चौथा क्रमांक, दुसऱ्याला ३८ गुण आणि सतरावा. माझ्या वहीत ही दोन पानं मी शेजारीशेजारी चिकटवली आहेत. एव्हर्टन जिंकायचं ते बहुतेकदा एका गोलाने, काही पराभव मात्र मोठ्या फरकाने. टॉटनहॅम नेमकं उलटं: जिंकलं की चार-चार गोल, हरायचं मात्र बहुतेकदा एकाने. एकूण २२ पराभव. रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन हे दोघे मधले बचावपटू बराच काळ जखमी, आणि वसंतात मॅनेजर पोस्टेकोग्लूंनी सगळी ताकद युरोपसाठी राखली, साखळीत दुसऱ्या फळीला उतरवलं. एखादा संघ एका स्पर्धेसाठी दुसरी सोडून देणार आहे हे ऑगस्टमध्ये कोणाला कळणार? तुम्ही सहावं म्हणालात ते मागच्या हंगामावरून वाजवीच होतं. आदल्या वर्षी ते ६६ गुणांनी पाचवं होतं.

ही सगळी रीत शाहू स्टेडियमवर चालेल का? आमच्याकडे तालमींच्या संघांवरून घराघरांत दोन तट असतात.
— कोल्हापूरहून एक वाचक

माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे ते तट मला ठाऊक आहेत. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठांतले रस्ते ओस पडतात, हे लहानपणापासून पाहिलंय. म्हणून तुमच्या संघाचं नाव मी विचारत नाही आणि माझंही सांगत नाही.

रीत चालेल, पण तीन ठिकाणी मुरड घालून. पहिली म्हणजे सामने कमी असतात, त्यामुळे एखाद्या दुबळ्या संघावर सात-आठ गोल चढवले की गोलफरक फुगतो. तीनपेक्षा मोठा विजय तीनचाच धरा. दुसरी, सगळे एकाच मैदानावर खेळतात, तेव्हा घरचं मैदान हा रकानाच काढून टाका. गोव्यात बंद दारांआड झालेला आयएसएलचा २०२०-२१चा हंगाम असाच होता. इंग्लंडमध्येही त्याच वर्षी रिकाम्या स्टेडियमांत पाहुण्या संघांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकले. प्रेक्षक ही केवढी ताकद आहे ते तेव्हा आकड्यांत दिसलं. तिसरी मुरड सगळ्यात महत्त्वाची: खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जातात, बाहेरूनही येतात, म्हणून मागच्या वर्षीचा तक्ता निम्माच खरा माना. हंगामाआधी सरावाला कोण कोणाच्या मैदानावर दिसतो ते बघून या. आपल्या गावात ते शक्य आहे. लंडनला मी कुठून जाणार?

मुलगा युनायटेडचा, पुतण्या सिटीचा. दोघं हंगामाआधी वीसही संघांची यादी लिहून फ्रिजवर लावतात आणि मे महिन्यात कोण जिंकलं यावरून भांडतात. गुण कसे द्यावेत?
— नाशिकहून एक वाचक

वहिनी, हे पत्र वाचून फार बरं वाटलं. पोरं वीस संघांचा विचार करतात ही मोठी गोष्ट आहे, बहुतेक जण पहिल्या चारांपलीकडे जात नाहीत.

प्रत्येक संघाचा लिहिलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष क्रमांक यांतलं अंतर काढा, वीसही अंतरांची बेरीज करा. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. २०२४-२५चं उदाहरण: टॉटनहॅम सहावं लिहिलं असेल तर ते आलं सतरावं, अंतर ११. नॉटिंगहॅम फॉरेस्ट आदल्या वर्षी सतरावं होतं, म्हणून कोणी सोळावं लिहिलं असेल, ते आलं सातवं, अंतर ९. आपापल्या लाडक्या संघाचं अंतर मात्र दुप्पट धरा, म्हणजे मुलगा युनायटेडला उगाच पहिलं लिहिणार नाही आणि पुतण्या सिटीला.

तळाच्या तीन जागांकडेही लक्ष द्यायला सांगा. २०२३-२४मध्ये खालच्या विभागातून वर आलेले तिन्ही संघ, बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्यूटन, त्याच वर्षी खाली गेले. २०२४-२५मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन, पुन्हा तिन्ही. प्रीमियर लीगमध्ये त्याआधी असं एकदाच झालं होतं, १९९७-९८ला. शिवाय कोणाचे गुण कापले जातायत का ते बघा; २०२३-२४मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे एकूण आठ आणि फॉरेस्टचे चार गुण गेले.

याद्या पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत लावायच्या, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. नंतर खाडाखोड चालणार नाही, आणि बेरीज तुम्ही करायची, त्यांनी नाही.